ऊन न येणाऱ्या अंगणातली फुलझाडं

‘आमच्याकडे ऊनच येत नाही, फुलझाडं जगत नाहीत,’ असं ज्यांच्याकडून ऐकावं त्यांच्या अंगणात डोकावलं की बहुतेक वेळा एक काटकुळा गुलाब, भिंतीला टेकलेली बोगनवेल आणि वर्षानुवर्षं कळी न धरलेला मोगरा दिसतो. तिन्ही झाडं उन्हाची. गुलाब-मोगऱ्याला दिवसाला पाच-सहा तास सरळ ऊन हवं. ते नसेल तर कितीही शेणखत घाला, पानं येतील, फूल येणार नाही. खापर मात्र फुटतं सावलीवर.

आपल्याकडच्या रानात सावलीत फुलणाऱ्या झुडपांची वाण नाही. सह्याद्रीतल्या अनेक वाटांवर डिसेंबर-जानेवारीत झाडांच्या दाटीखाली दशमुळीची निळी-जांभळी फुलं दिसतात. पावसाळ्यात रानाच्या कडेला भूतकेसाची पांढरी पानं चमकतात, भारंगीचे निळसर तुरे येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुंपणाकडेला कोरांटी बहरते. या मंडळींना भर दुपारचं ऊन नकोच असतं. सोसायटीतल्या दोन इमारतींमधली पट्टी, बंगल्याची उत्तरेची बाजू, आंब्या-फणसाखालचं परसू, अशा ठिकाणी काय लावावं आणि ते कसं सांभाळावं याचं उत्तर या झुडपांपासून सुरू करता येतं. पण त्याआधी आपल्याकडे नेमकी कसली सावली आहे ते पाहावं लागतं. रोपवाटिकेत जाण्याची घाई इथेच नडते.

आधी सावली ओळखा

सकाळी दहापर्यंत कोवळं ऊन आणि पुढे दिवसभर सावली, ही पूर्वेकडची जागा उत्तम. या लेखातलं जवळजवळ प्रत्येक झुडूप तिथे फुलेल. शेवगा, आवळा अशा विरळ पानांच्या झाडाखाली ऊन गाळून येतं, कवडसे हलत राहतात. तीही जागा चांगली. गुलमोहराखाली मात्र जपून, कारण तो ऐन उन्हाळ्यात पानं टाकतो आणि ज्या महिन्यांत सावली हवी त्याच महिन्यांत ती नाहीशी होते. तिसरी सावली इमारतीची. ऊन पडत नाही, पण वर मोकळं आकाश दिसतं आणि समोरून भरपूर उजेड येतो. इथे निवडक झुडपं छान फुलतात. चौथी सावली गडद: जुन्या आंब्याच्या बुंध्याजवळची, जिन्याखालची, दोन भिंतींमधल्या चार-पाच फुटांच्या बोळातली. तिथे फुलांचा नाद सोडावा आणि नेचे, सिंगोनियम, मनीप्लांट लावून मोकळं व्हावं.

यातली कुठली आपली, ते ओळखायला यंत्र लागत नाही. स्वच्छ दिवशी दुपारी बारा वाजता त्या जागी जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या फूटभर वर हात धरा. बोटांच्या कडा स्पष्ट उमटल्या तर उजेड भरपूर आहे. पंजा ओळखू येतो पण कडा पुसट आहेत, तर मध्यम; ही सावलीच्या झुडपांची जागा. कागदावर नुसतं धूसर काहीतरी दिसलं किंवा तेही नाही, तर गडद. मोबाइलवर उजेड मोजणारी ॲप मिळतात. त्यांचे आकडे फार काटेकोर नसतात, पण अंगणातल्या दोन कोपऱ्यांची तुलना करायला पुरतात.

ही परीक्षा वर्षातून दोनदा, डिसेंबरात आणि एप्रिल-मेमध्ये, करायला हवी. आपल्याकडच्या बऱ्याच बागा फसतात त्या इथे. डिसेंबरच्या अखेरीस पुण्या-मुंबईकडे भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर. त्यामुळे ४० फूट उंचीच्या, म्हणजे साधारण चार मजली इमारतीची सावली उत्तरेला सुमारे ३६ फूट पडते. त्या पट्ट्यात थंडीचे महिने ऊन नावालाही नसतं. मग दिवस मोठा होत जातो, सूर्य उत्तरेकडे सरकतो आणि मेच्या मध्याला या शहरांवर बरोबर डोक्यावर येतो. तिथून जुलैच्या शेवटापर्यंत तो दुपारीसुद्धा किंचित उत्तरेलाच असतो. जून-जुलै ढगांत जातात, पण मे महिना कोरडा आणि कडक असतो. उत्तरेची जी बाजू आठ महिने सावलीत होती, ती नेमकी त्याच महिन्यात उन्हात येते. थंडीत लावलेलं, सावलीला सरावलेलं झुडूप मेमध्ये दोन-चार दिवसांत करपतं. पानांच्या मधोमध कागदासारखे तपकिरी चट्टे पडले तर तो रोग नव्हे, भाजणं आहे. औषध फवारू नका. १५ एप्रिलपासून पहिला चांगला पाऊस होईपर्यंत जुनी सुती साडी किंवा ५० टक्के सावलीची हिरवी जाळी वर बांधा, एवढंच काम आहे.

उजेड थोडा वाढवताही येतो. समोरच्या भिंतीला पांढरा रंग किंवा चुना दिला तर वाफ्यात परावर्तित उजेड येतो आणि फरक डोळ्यांना दिसतो. शहरात पानांवर धुळीचा थर बसतो, तो महिन्यातून दोनदा पाण्याने धुतला तर झाडाला जो थोडा उजेड मिळतो तो तरी नीट मिळतो. वरच्या झाडाच्या फांद्या विरळ करायचा विचार असेल तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करा. नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ सालचा आहे आणि तो तुमच्या आवारातल्या झाडालाही लागू आहे.

काय लावावं

पहिलं नाव कोरांटीचं. पिवळी काटेरी कोरांटी औषधी म्हणून लोक ओळखतात, पण सावलीच्या बागेला निळी, गुलाबी आणि पांढरी बिनकाट्याची कोरांटी अधिक उपयोगी. ती चार फुटांपर्यंत वाढते, विशेष काही मागत नाही आणि ऑक्टोबरपासून दोन-अडीच महिने फुलते. इमारतीच्या सावलीत फुलं थोडी कमी येतील, पण येतात. बी पडून आपोआप रोपं उगवतात. ती उपटायचा आळस केला तर दोन वर्षांत वाफाच कोरांटीचा होतो, हा तिचा एकमेव दोष.

अबोली कोकण-गोव्याकडच्या घरांना सांगायला नको. अबोलीचा वळेसर माळल्याशिवाय तिथे सण साजरा होत नाही. गंध नसला तरी तिच्या केशरी रंगाला तोड नाही आणि फूल खुडल्यावरही बराच काळ टवटवीत राहतं. तिला सकाळचे दोन-तीन तास ऊन आणि नंतर सावली मिळाली की ती जवळजवळ वर्षभर फुलते. नुसत्या उजेडातही जगते, पण मग तुरे लहान येतात. तुरा वाळला की देठासकट कापा, नाहीतर झाडाची ताकद बी धरण्यात जाते. ते बी मात्र एकदा बघण्यासारखं आहे. अबोलीचा तुरा वाळला की त्यात तपकिरी, टोकदार बोंडं राहतात. दोन-चार बोंडं तळहातावर घेऊन त्यांवर पाण्याचा थेंब टाका आणि थोडं थांबा; ‘टक्’ आवाज करून ती फुटतात आणि बी हातभर लांब उडतं. पहिल्या पावसात आईझाडापासून दूर रुजायची ही तिची युक्ती. बाजारात ‘दिल्ली’ नावाची गडद केशरी, मोठ्या फुलांची अबोली मिळते, तिला बी धरत नाही. ती फांदीपासूनच वाढवावी लागते. अबोलीची पानं पिवळी पडून झाड खुरटलं तर उपटून मुळं पाहा. मुळांवर गाठी असतील तर जमिनीत सूत्रकृमी आहेत. त्या जागी वर्षभर अबोली लावू नका आणि पुढच्या वेळी खड्ड्यात निंबोळी पेंड घाला.

तगर घरोघरी असते म्हणून तिची किंमत वाटत नाही. देवपूजेला रोज फूल हवं आणि ऊन नाही, अशा घरात डबल तगरीला पर्याय नाही. एकेरी पाकळ्यांची चांदणी तगर तिच्याहून काटक, पण फुलं लवकर गळतात. तगर जमिनीत लावली तर सात-आठ फूट सहज होते. मोठ्या कुंडीतही राहते, फक्त वर्षाआड माती बदलावी लागते.

अनंताबद्दल मात्र थोडं सावध करतो. वासासाठी लोक तो हौसेने आणतात. अर्धसावली त्याला मानवते, पण सकाळचं दोन-तीन तास ऊन हवंच, आणि माती आंबूस लागते. कोकणातल्या तांबड्या मातीत तो अंगणात एकटा उभा राहून फुलतो. देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर त्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कळ्या धरतात आणि न उमलता गळतात. माझं मत विचाराल तर देशावर अनंत कुंडीतच लावावा. माती आपली, पाणी जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं. पानं पिवळी दिसू लागली की चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात संध्याकाळी फवारावं.

दशमुळीची रोपं सगळ्या रोपवाटिकांत मिळत नाहीत, पण देशी झाडं ठेवणाऱ्यांकडे चौकशी करा. तिची जवळची बहीण, निळा एरँथेमम, सहज मिळतो. दोन्ही सावलीत रमतात आणि बाग ओकीबोकी वाटू लागते त्या थंडीच्या दिवसांत फुलतात. दशमुळीचं फूल उमलताना निळं असतं आणि सुकताना गुलाबीकडे झुकतं, त्यामुळे एकाच तुऱ्यावर दोन रंग दिसतात.

भारंगी ही खास कोकणी माणसांसाठी. पावसाच्या सुरुवातीला तिच्या कोवळ्या पानांची भाजी होते, पुढे फुलांचीही. अर्धसावलीत ती चांगली वाढते. बागेत लावलीत तर निम्मी पानं खुडा, निम्मी ठेवा. सगळी खाल्ली तर तुरे कुठून येणार! भूतकेस किंवा लवसट जागा खाणारा आहे, त्याच्या फांद्या पसरून आधार शोधतात. कुंपणाच्या कोपऱ्यात ठीक, छोट्या वाफ्यात नको. रोपवाटिकेत मुसेंडा म्हणून मिळणारी भरगच्च गुलाबी जात हवी असेल तर तिला ऊन लागतं, इथे तिचा उपयोग नाही.

बाहेरून आलेल्यांत मला सर्वात भरवशाचं वाटतं ते पिवळ्या तुऱ्यांचं पॅकिस्टॅकिस. नर्सरीवाले त्याला ‘गोल्डन श्रिम्प’ किंवा ‘लॉलिपॉप’ म्हणतात. पिवळं दिसतं ते फूल नव्हे. एकावर एक रचलेल्या त्या रंगीत पानांच्या फटींतून पांढरी बारीक फुलं डोकावतात. ती दोन दिवसांत गळाली तरी पिवळा तुरा तीन-चार आठवडे राहतो. इमारतीच्या सावलीतल्या अंधुक पट्टीत एवढा रंग दुसरं झुडूप देत नाही. ब्रनफेल्सिया, म्हणजे ‘यस्टर्डे-टुडे-टुमारो’, पहिल्या दिवशी जांभळं, दुसऱ्या दिवशी फिकट, तिसऱ्या दिवशी पांढरं होतं. सुगंधी आहे, सकाळच्या उन्हावर छान फुलतं, पण वाढ संथ. घरात कुत्रा असेल तर मात्र लावू नका, त्याचे सगळे भाग, विशेषतः बिया, कुत्र्यांना विषारी आहेत. जांभळी थनबर्जिया इरेक्टा छोट्या कुंपणाला चांगली. कुंतीचं कुंपण सावलीत हिरवंगार राहतं, पण फुलांचा बहर हवा असेल तर निदान तीन तास ऊन द्या. रातराणीचंही तेच, शिवाय तिचा वास सगळ्यांना सोसत नाही. झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली ती लावू नये.

जास्वंद? नको. सावलीत ती उंच, पानांनी भरलेली दिसते, पण कळ्या थोड्या आणि पिठ्या ढेकूण फार. हौसच असेल तर न उमलणारी, लाल मिरचीसारखी लोंबणारी मिरची जास्वंद लावा, ती कमी उजेडात फुलते. हायड्रेंजियाचे गुच्छ पाहून कोणीही मोहात पडेल, पण ते थंड हवेच्या ठिकाणचं झाड. पुण्या-मुंबईत कुंडीत आणलेलं एक हंगाम शोभा देतं आणि उन्हाळ्यात मान टाकतं. पुष्पगुच्छ आणल्याच्या हिशेबाने आणायचं असेल तर जरूर आणा.

सावलीत रंग कसे दिसतात याचाही विचार करा. गडद जांभळा आणि लाल सावलीत काळपट होऊन हरवतात. पांढरा, पिवळा, फिकट निळा उठून दिसतो. मागे तगर किंवा कुंती, मध्ये पॅकिस्टॅकिस आणि कोरांटी, पुढे अबोली, अशी रचना आठ-दहा फुटांच्या पट्टीत छान बसते. ओल राहणाऱ्या कोपऱ्यात सोनटक्क्याचे कंद लावले की पावसाळ्यात वासाची उणीव राहत नाही.

माती: खणल्यावर काय निघतं ते पाहा

इमारतीलगतची माती ही बहुतेक वेळा माती नसतेच. बांधकाम झाल्यावर उरलेलं राबिट, सिमेंटचे गठ्ठे, फरशीचे तुकडे खाली दडपून वर चार इंच लाल माती पसरलेली असते. पहारीने दीड फूट खणून पाहा. राबिट लागलं तर ते काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण सिमेंट-चुन्याने जमीन अल्कधर्मी होते आणि अनंत, इक्झोरासारखी झाडं तिथे कायम पिवळी राहतात. मग दोन भाग पोयटा माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत, आणि एक भाग विटांचा चुरा किंवा जाडी वाळू असं भरा. कोकोपीटचं हल्ली फार प्रस्थ आहे. उन्हातल्या कुंडीत ते कामाचं. सावलीत, त्यातून पावसाळ्यात, ते दिवसेंदिवस ओलं राहतं आणि मुळं सडवतं. इथे ते मूठभरच. वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा सहा-आठ इंच उंच ठेवा.

मोठ्या झाडाखाली लावायचं असेल तर गणित वेगळं. तिथे अडचण उजेडापेक्षा मुळांची असते. आंब्याची बारीक मुळं वरच्या थरात जाळं करून असतात, तुम्ही घातलेलं खतपाणी तीच आधी पितात. बुंध्यापासून चार-पाच फूट सोडा. मोठी रोपं आणू नका. छोट्या पिशवीतलं रोप आणा, मुळांच्या मधली जागा शोधून पहारीने तेवढाच खड्डा करा. बोटाएवढं जाड मूळ लागलं तर ते तोडू नका, खड्डा सरकवा. आणि बुंध्याभोवती मातीचा ढीग घालून गोल कट्टा बांधायची जी पद्धत आहे, ती कृपा करून सोडा. मातीत गाडलेला बुंधा कुजतो आणि आंबाच जातो. खाली पडलेला पाला झाडून जाळण्याऐवजी तीन-चार इंच जाडीचा थर म्हणून तिथेच राहू द्यावा. रानात दशमुळी त्याच पाल्यावर जगते.

पाणी

सावलीतली झुडपं उजेड कमी पडल्याने मरतात त्याहून जास्त रोजच्या पाण्याने मरतात. ऊन नाही म्हणजे पानांतून पाणी कमी उडतं, माती चार-चार दिवस ओली राहते. माळी मात्र उन्हातल्या कुंड्यांना आणि सावलीतल्या वाफ्याला एकाच नळीने, एकाच हाताने, रोज पाणी देतो. पाणी देण्याआधी तर्जनी दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर आज पाणी नाही. पानं मलूल आहेत आणि माती ओली आहे, असं दिसलं तर पाणी वाढवणं म्हणजे झाडाला बुडवणं. मुळं सडू लागली आहेत. अशा वेळी कुंडी असेल तर माती मोकळी करून काळी, मऊ पडलेली मुळं कापा, फांद्या एक तृतीयांश छाटा आणि ट्रायकोडर्मा मिसळलेल्या कोरड्या मातीत पुन्हा लावा. वाचेल असं खात्रीने सांगता येत नाही, पण निम्मी तरी वाचतात.

याची दुसरी बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. छज्ज्याखालच्या आणि गच्चीच्या आडोशाच्या वाफ्यात ऐन जुलैतही पाऊस पडत नाही. पाऊस नैऋत्येकडून येतो. त्यामुळे इमारतीची त्याच्या विरुद्ध बाजू कोरडी राहते. बाहेर धो-धो कोसळत असताना आतली कोरांटी तहानेने सुकलेली असते आणि पावसाळा म्हणून नळी गुंडाळून ठेवलेली असते. दाट झाडाखालीही हलक्या सरींचं पाणी पानांवरच अडतं. बोट खुपसायची सवय पावसाळ्यातही मोडू नका.

छाटणी आणि खत

उजेड कमी असला की झुडूप लांबुडकं होतं, पेरं लांब पडतात, खोड उजेडाकडे वाकतं. त्यावर इलाज म्हणजे कोवळे शेंडे खुडत राहणं. म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. एकदम मुंडण करू नये. सावलीत झाड हळू भरतं, त्यामुळे एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापलं तर वर्ष वाया जातं. कधी कापायचं ते बहरावरून ठरवा. कोरांटी, दशमुळी, एरँथेमम थंडीत फुलतात. त्यांची छाटणी फुलं संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. ऑगस्टनंतर त्यांना कात्री लावली तर त्या सालची फुलं तुमच्या हातानेच गेली. ब्रनफेल्सियाही बहरानंतर. तगर, अबोली, पॅकिस्टॅकिस यांना असा मुहूर्त नाही.

खताचं थोडक्यात: सावलीतल्या झाडाची भूक कमी असते. जूनमध्ये आणि सप्टेंबरात झाडाला दोन ओंजळी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरे. युरिया घातला तर पानं माजतात, खोड लिबलिबीत होतं आणि किडीला आमंत्रण जातं.

गोगलगायी, पिठ्या आणि एक हिरवी अळी

सावलीच्या बागेचा पावसाळ्यातला खरा शत्रू आफ्रिकन गोगलगाय. दिवसा ती कुंडीच्या बुडाशी, फरशीखाली, पाल्यात दडते आणि रात्री कोवळी रोपं मुळापासून साफ करते. रात्री नऊनंतर विजेरी घेऊन बाहेर पडा, हातमोजे घालून गोगलगायी वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. उघड्या हाताने धरू नका, माणसाला अपाय करणारे कृमी तिच्यात असू शकतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी टाकून ठेवलं तर सकाळी त्याखाली जमलेल्या सापडतात. वाफ्यात मीठ पसरू नका, गोगलगायीबरोबर मातीही जाईल. ही मोहीम एकट्या घराने करून भागत नाही, आख्ख्या सोसायटीने सलग पंधरा दिवस करावी लागते.

पिठ्या ढेकूण आणि खवले किडे दिसले की आधी मुंग्या पाहा. झुडपावर मुंग्यांची रांग लागली असेल तर कुठेतरी कीड आहेच. पाण्याचा जोरदार फवारा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब घालून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारणी. पुढची फवारणी आठवड्याने.

तगरीची पानं एका रात्रीत गायब झाली तर फांदीच्या खालून बघा. बोटभर लांब, पोपटी रंगाची अळी चिकटलेली असते, आणि तिच्या डोक्यामागे निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके असतात. डिवचलं की डोकं आत ओढून घेते, ठिपके फुगतात आणि क्षणभर ती सापासारखी भासते. तिला विष नाही, ती चावत नाही. तिचा पुढे हिरव्या नक्षीचा देखणा पतंग होतो. दोन-चार अळ्यांनी मोठ्या तगरीचं काही बिघडत नाही, पंधरा दिवसांत पालवी फुटते. फारच असतील तर काडीने उचलून दुसऱ्या तगरीवर सोडा, पण औषध फवारू नका.

रोपं कधी आणि कशी आणावी

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की ऑगस्टपर्यंत लावणीचा काळ. पुणेकरांना उरुळी कांचनच्या रोपवाटिका जवळ आहेत, मुंबईकर पावसाळ्यात कोकणातून येताना गाडीत रोपं घालून आणतातच. फुलांनी लगडलेलं रोप उचलू नका. ते उन्हात, खतावर वाढवलेलं असतं आणि तुमच्या सावलीत आलं की महिनाभरात पानं गाळून रुसतं. फूल नसलेलं, हिरव्या जाळीखाली ठेवलेलं, बुटकं आणि फांद्या फुटलेलं रोप घ्या. आणल्यावर आठवडाभर पिशवीतच वाफ्याशेजारी ठेवा, मग लावा. पहिल्या वर्षी फुलांची फार अपेक्षा धरू नका.

विकतच आणली पाहिजेत असंही नाही. कोरांटी, तगर, अबोली, पॅकिस्टॅकिस या सगळ्या जुलै-ऑगस्टमध्ये फांदीपासून येतात. पेन्सिलीएवढी जाड, पाच-सहा इंचांची फांदी पेराखाली तिरकी कापा, खालची पानं काढा, निम्मी वाळू घातलेल्या मातीत खोचा आणि सावलीत ठेवा. पाचेक आठवड्यांत मूळ धरतं. तगरीला कापल्यावर चीक येतो, तो सुकू द्या आणि मग लावा.

आणि एवढं वाचूनही कोणी ‘एकच झाड सांगा’ म्हणालं, तर मी निळ्या कोरांटीचं नाव सांगेन. तिला खड्डा फार खोल नको, खत बेताचं चालतं आणि एखाद्या आठवड्याचं पाणी चुकलं तरी ती रागावत नाही. शेजारीपाजारी कुणाकडे तरी ती असतेच. जुलैत एक फांदी मागून आणा.